‘प्रायव्हेट डीएनएस’ लावलं तरी इंटरनेटवाल्याला साईट कळते

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस चालू करा. कुठली साईट बघता ते इंटरनेटवाल्यालाच काय, कुणालाच कळणार नाही. व्हीपीएन नको, बँकेतले पैसेही सुरक्षित.” यावर विसंबून ओळखीतली एक मुलगी घरच्या वायफायवर स्वतःच्या आजाराची माहिती शोधत होती. म्हणून हे लिहितोय.

“इंटरनेटवाल्याला कळणार नाही.” हे सेटिंग करतं काय, ते आधी बघू. साईटचं नाव टाकलं की फोन एका सर्व्हरला तिचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तिचा क्रमांक, विचारतो. १९८३ पासूनच्या या व्यवस्थेत, म्हणजे डीएनएसमध्ये, हा प्रश्न उघडाच जायचा. २०१६ मध्ये ‘डीएनएस ओव्हर टीएलएस’ हे मानक आलं, अँड्रॉइड ९ पासून ते फोनमध्ये आलं आणि तो प्रश्न झाकला गेला. झाकला गेला तो तेवढाच. पुढे फोन ज्या आयपी पत्त्याशी जोडला जातो तो दिसतोच. शिवाय जोडणीच्या पहिल्याच संदेशात साईटचं नाव बहुतेक वेळा उघडं असतं. सांगली स्टँडवर चौकशीच्या खिडकीत हळूच विचारायचं, “मिरजेतल्या अमुक दवाखान्याला कुठली गाडी?” आणि गाडीत चढल्यावर सगळ्यांदेखत कंडक्टरकडे त्याच दवाखान्याचं तिकीट मागायचं, तसं हे होतं. आत कुठलं पान वाचलं, काय लिहिलं, हे मात्र दिसत नाही. पण ते काम एचटीटीपीएसचं, म्हणजे फोन आणि साईट यांच्यातला मजकूर झाकणाऱ्या पद्धतीचं. नावही झाकणारं ‘एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो’ आलंय, पण ते ब्राउझर आणि साईट दोघांकडेही लागतं. बहुतेक साईट्सवर ते अजून नाही.

“कुणालाच कळणार नाही.” प्रश्न कुणाला तरी विचारावाच लागतो. गूगल, क्लाउडफ्लेअर, क्वाड९, ज्याला विचाराल त्याच्यापाशी तो उघडतोच. क्वाड९ ही स्वित्झर्लंडमधली ना-नफा संस्था विचारणाऱ्यांचे आयपी पत्ते साठवत नाही असं सांगते, म्हणून मी ती निवडली. पण हा माझा विश्वास आहे, पुरावा नव्हे.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलं आणि समोरच्या सर्व्हरला झाकलेली पद्धत येत नसली, तर फोन गुपचूप उघड्याने विचारतो. सर्व्हरचं नाव स्वतः टाकलं तरच तो अडून बसतो.

व्हीपीएनचं काम वेगळं. तिथे सगळीच वाहतूक झाकून जाते, फक्त ती बघू शकणारा बदलतो: इंटरनेटवाल्याऐवजी व्हीपीएनवाला. आणि बँकेचे पैसे? खोट्या लिंकवर तुम्हीच ओटीपी दिलात तर डीएनएस काय करणार?

तरी सेटिंग ठेवाच, सर्व्हरचं नाव स्वतः टाकून. लॉजच्या किंवा हॉस्टेलच्या वायफायवर मधल्या कुणाला तुमचा प्रश्न वाचता येत नाही, की उत्तर बदलून भलत्याच साईटवर नेता येत नाही.

त्या मुलीला मी टॉर ब्राउझर घालून दिला. तो वाहतूक झाकून अनेक सर्व्हरांतून फिरवतो, त्यामुळे इंटरनेटवाल्याला साईट कळत नाही. घरात फोन सगळ्यांच्या हातात फिरतो, म्हणून टॉर घालण्याआधी आम्ही जुन्या ब्राउझरची हिस्टरी पुसली.