वाऱ्याच्या दिवशीचा निकाल म्हणजे लॉटरी असते का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मोठी आहे, रागाने लिहिलेली आहे, आणि तो राग कारागिरीवरच्या प्रेमातून आलेला आहे. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय संपवणं मला बरं वाटेना.

फ्री फ्लाइट स्केल स्पर्धा (खऱ्या विमानांची लहान मॉडेलं रेडिओशिवाय मोकळी सोडून उडवण्याची) वारा सुटला म्हणून लगेच रद्द करू नये, हवा ओळखणं हा स्पर्धेचाच भाग आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वाऱ्यातला निकाल कौशल्यावर नाही, नशिबावर लागतो; महिनोन्‌महिने खपून केलेलं मॉडेल एका झोताच्या हवाली करणं हा कारागिरीचा अपमान आहे; आणि ज्याला उडवायचंच आहे त्याने रेडिओ बसवावा, नाहीतर बंद सभागृहात उडवावं. तुमचं स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल, तुम्ही अशा दिवशी मैदानावर आणावं असं मी खरंच सुचवतोय का, हेही तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर शेवटी देतो.

आधी तुमच्या बाजूने बोलतो, कारण वाऱ्याचा त्रास तुम्ही लिहिलाय त्याहून जास्त आहे. पायपर जे-३ कब या लहान, हलक्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे १०.७ मीटर. त्याचं एकास सोळा प्रमाणातलं मॉडेल साधारण ६७ सेंटीमीटरचं होतं. आकार सोळापट लहान झाला तरी वेग सोळापट कमी करून चालत नाही. खऱ्या विमानाच्या हालचालींशी मेळ बसायला तो सोळाच्या वर्गमुळाने, म्हणजे चौपट कमी व्हावा लागतो. आता वाऱ्यालाही हेच माप लावा. सेकंदाला साडेचार मीटरचा वारा, ज्यात झाडाची पानं सतत हलत राहतात, त्याला आपण धड वाराही म्हणत नाही. त्या मॉडेलला मात्र तो सेकंदाला १८ मीटर, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरच्या वाऱ्यासारखा लागतो. असल्या वाऱ्यात खऱ्या कबचा मालक विमान दोरांनी जमिनीला बांधून ठेवतो. आपण मॉडेल हातात घेऊन मैदानात उभे असतो, आणि परीक्षकांना ते खऱ्यासारखं डौलात उडताना दिसावं अशी आपली अपेक्षा असते.

एवढं मान्य करूनही ‘म्हणून सगळं नशीब’ हे मला पटत नाही.

एकसारखा वाहणारा वारा मॉडेलला कळतच नाही. ते हवेत उडतं. जमिनीशी त्याचा संबंध येतो तो सुटताना आणि टेकताना. वाऱ्याकडे पाठ झाली की मॉडेलचा वेग जातो आणि ते पडतं, असं तुम्ही लिहिलंय. जुन्याजाणत्यांकडूनही हे ऐकू येतं. एकसारख्या वाऱ्यात तसं होत नाही. घात करतो तो वाऱ्यातला बदल. जमिनीलगत वारा मंद असतो आणि वर जाल तसा वाढतो. वाऱ्याच्या तोंडावर चढणाऱ्या मॉडेलला दर मीटरला थोडा जास्त समोरचा वारा मिळतो, म्हणजे हवेतला वेग वाढतो. तेच मॉडेल पाठवाऱ्यात चढायला लागलं की दर मीटरला वेग घटतो. आणि रबर मोटरचं, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या पीळ भरलेल्या रबराचं, सगळ्यात जोरदार बळ नेमकं याच पहिल्या काही मीटरांत असतं. पीळ पूर्ण भरलेला, पंख्याची उलटी मुरड (तो फिरतो त्याच्या उलट दिशेचा जोर) मॉडेलला डावीकडे ढकलतेय, नाक वर, आणि खाली झाडांमागून येणारी घुसळलेली हवा. बहुतेक मॉडेलं इथेच मोडतात.

म्हणजे धोका कुठे आहे हे माहीत आहे, आणि जे माहीत आहे त्याची तयारी करता येते. डावीकडे वळणारं मॉडेल मी वाऱ्याच्या किंचित उजवीकडे तोंड करून सोडतो. मग सुरुवातीची चढण वाऱ्याकडे वळत होते आणि पाठवारा येईपर्यंत ते त्या वाईट थराच्या वर गेलेलं असतं. शांत संध्याकाळी स्टॉलच्या (वेग घटून पंखांची उचल जाते त्या स्थितीच्या) अगदी काठावर ट्रिम केलेलं, म्हणजे तोल साधलेलं, मॉडेल सुरेख तरंगतं, पण वाऱ्यात तोच काठ नडतो. म्हणून नाकात थोडं वजन वाढवायचं आणि वळण जरासं घट्ट करायचं. उड्डाणाचा वेळ थोडा घटतो. पण झोत लागून नाक वर गेलं तरी मॉडेल सावरतं.

मोटर निवडताना स्केलवाल्यांची जी कोंडी होते ती साध्या वेळेच्या, म्हणजे जास्तीत जास्त वेळ हवेत राहायच्या, स्पर्धेत नसते. जाड आणि आखूड रबर घातलं तर मॉडेल खालच्या खराब हवेतून चटकन बाहेर पडतं, पण रॉकेटसारखं चढणारं टायगर मॉथ, म्हणजे एक जुनं, संथ दुपंखी विमान, बघून कोणता परीक्षक वास्तवतेचे गुण देईल? लांब आणि बारीक रबर घातलं तर चढण खऱ्यासारखी संथ होते, पण मॉडेल त्या धोक्याच्या थरात जास्त वेळ अडकतं. जमिनीवरून धावत उड्डाण करावं की हातातून सोडावं, हाही तसाच पेच. धावत गेलं तर छान दिसतं. पण चाकांमधलं अंतर कमी असेल तर बाजूचा वारा पंखाचं टोक उचलतो आणि खेळ सुरू होण्याआधीच संपतो. दर वेळी समोरची हवा बघून यातलं काय सोडायचं हे ठरवावं लागतं. ज्याला हे ठरवता येतं त्याचं मॉडेल वाऱ्याच्या दिवशीही टिकतं. त्याला मी नशीब म्हणणार नाही.

हवामान म्हणजे नुसता वाराही नव्हे. ढग आला, दमटपणा वाढला की पंखांवर चढवलेला टिश्यू कागद सैल पडतो. ऊन लागलं की पुन्हा ताणला जातो. तेवढ्यात पंखाची मागची कड एका बाजूला दीड-दोन मिलिमीटर फिरते, आणि सकाळी सरळ उडालेलं मॉडेल दुपारी गिरकी घेत खाली येतं. बघणारा म्हणतो, झोत लागला. प्रत्येक उड्डाणाआधी मॉडेल हातभर लांब धरून मागून बघायचं: दोन्ही पंखांची टोकं सारखीच पिळलेली आहेत ना, आडवी शेपटी पंखाशी समांतर दिसते ना. पीळ पडलाच असेल तर तोंडाची वाफ देऊन, बोटांनी हळूच उलटा पीळ देत धरून ठेवायचा. मिनिटभराचं काम आहे. घाईत हे राहून जातं आणि मग दोष वाऱ्याला जातो.

आता सोडण्याचा क्षण. माझ्या मते या खेळातलं खरं वैमानिकपण इथे आहे. वारा येतो त्या बाजूला थोड्या अंतरावर एक लांब काठी रोवलेली असते, तिच्या टोकाला चकचकीत प्लॅस्टिकची पातळ फीत. फीत आडवी फडफडतेय तोवर थांबायचं. एक हात पंख्यावर, दुसरा पंखाखाली. भरलेल्या पिळाची ओढ बोटांना सतत जाणवत असते. ही वाट फुकट नसते. पूर्ण ताणलेलं रबर नुसतं धरून ठेवलं तरी थकतं, दर मिनिटाला थोडी ताकद गमावतं. मग फीत खाली पडते, गालाला हवा किंचित उबदार लागते. जवळपास थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचा स्तंभ, तयार होतोय आणि तो आजूबाजूची हवा आपल्याकडे ओढतोय, याची ही खूण असू शकते. वेळेच्या स्पर्धेतला माणूस लगेच सोडेल. स्केलवाल्याने आणखी विचार करायचा, कारण थर्मलमध्ये शिरलेलं मॉडेल परीक्षकांपासून दूर जातं आणि कधीकधी मालकापासूनही. त्यासाठी टायमर लावून ठरल्या वेळी आडवी शेपटी चाळीसेक अंशांनी वर उचलणारी यंत्रणा असते, म्हणजे मॉडेल तरंगायचं सोडून सपाट खाली उतरतं. स्केल मॉडेलात ती लपवणं ही स्वतंत्र कारागिरी आहे, आणि माझ्या लेखी कॉकपिटमधल्या घड्याळांइतकीच कौतुकाची.

नशिबाच्या मुद्द्यात एक गोष्ट मात्र तुम्ही अचूक पकडली आहे. एकाच उड्डाणावर, आयोजकांनी ठरवलेल्या मिनिटाला उडवायला लावून निकाल काढला तर त्यात हवेचा वाटा फार मोठा होतो. अशी स्पर्धा मलाही नको. पण त्यावर रद्द करण्याशिवाय दुसरे उपाय आहेत. दिवसभराची मुदत द्यावी, कधी उडवायचं ते स्पर्धकाने ठरवावं, आणि अनेक उड्डाणांतली चांगली धरावीत. वाऱ्याला मर्यादाही असावी. एफएआय या हवाई खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वेळेच्या फ्री फ्लाइट वर्गांत जमिनीपासून दोन मीटर उंचीवर वारा सेकंदाला ९ मीटरच्या वर टिकून राहिला तर स्पर्धा थांबवतात. स्केल मॉडेलांसाठी ती मर्यादा बरीच खाली हवी, यावर आपलं एकमत व्हायला हरकत नाही. अमेरिकेतल्या फ्लाइंग एसेस क्लबच्या परंपरेतला सामूहिक उड्डाणाचा प्रकार तर मला फारच आवडतो. महायुद्धांतल्या विमानांची मॉडेलं एका इशाऱ्यावर एकदम सुटतात, आधी उतरणारी बाद होत जातात, शेवटपर्यंत हवेत राहणारं जिंकतं. सगळ्यांना एकाच वेळची हवा. ‘त्याला चांगली हवा मिळाली’ ही तक्रार तिथे फारशी उरत नाही.

कारागिरीच्या अपमानाबद्दल माझं मत तुमच्या बरोबर उलट आहे. उडणारं मॉडेल मोडणार हे धरून बांधणं ही कारागिरीचीच पुढची पायरी आहे. पंख धक्का बसताच सुटून यावेत. नाकाचा ठोकळा पंख्यासकट बाहेर पडावा. चाकांच्या तारेने धक्का पिऊन परत जागेवर यावं. पीळ भरताना रबर तुटलं तर मॉडेलचं पोट फाटू नये म्हणून रबराभोवती नळी घालतात, ती पीळ भरून झाला की काढून घेतात. बाल्साच्या हलक्या लाकडाची आणि टिश्यूची मोडतोड मैदानावरच जोडता येते. काचेच्या कपाटातल्या मॉडेलला यातलं काहीच सोसावं लागत नाही, म्हणून त्यात यातलं काही विचारात घेतलेलंही नसतं.

रेडिओबद्दल: रेडिओ स्केलचा स्वतंत्र वर्ग आहे आणि तिथलं उड्डाण मी आनंदाने बघतो. सभागृहातल्या उड्डाणांबद्दलही तेच. १३ इंची, म्हणजे ३३ सेंटीमीटर पंखांची पीनट मॉडेलं स्थिर हवेत जे करतात ते विलक्षण आहे. पण हे वेगळे खेळ आहेत. फ्रेंच संशोधक आल्फोन्स पेनोने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलेरी बागेत रबरावर चालणारं लहानसं विमान सोडलं. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. आत कोणी नाही, दोरी नाही, तरी ते स्वतःला सावरत गेलं, कारण शेपटीला पंखापेक्षा उणा कोन दिलेला होता आणि पंखांची टोकं वर वळवलेली होती. सावरण्याची बुद्धी विमानाच्या आकारातच घालायची, हा फ्री फ्लाइटचा गाभा तेव्हापासूनचा आहे. रेडिओ बसवला की ती गरज कमी होते, सभागृहात नेलं की तिची परीक्षा सौम्य होते. मला ती परीक्षा हवी आहे.

आता स्पिटफायर. नाही, ते वाऱ्याच्या दिवशी आणू नका. खाली बसवलेले पंख, लहान शेपटी. शांत हवेतही ते ट्रिम करायला सोपं नाही. सूर्योदयानंतर जमीन तापायच्या आत, किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर, उंच गवतावर, पीळ न भरता नुसतं हाताने सोडून तरंगवण्याने सुरुवात करा. मग एकतृतीयांश पीळ, आणि एका वेळी एकच बदल. नियमांत मुभा असेल तर पंखांचा वरचा कोन (टोकं जितकी वर उचललेली असतात तो) खऱ्यापेक्षा थोडा वाढवा. हुबेहूबपणाचे एक-दोन गुण जातील, उड्डाणात ते परत मिळतील. वाऱ्याच्या दिवसासाठी दुसरं मॉडेल ठेवा. उंच पंखाचं, लांब पायांचं काहीतरी: फीझलर स्टॉर्क, लायसँडर किंवा साधा कब. अनुभवी स्पर्धक अशी जोडी जवळ ठेवतात आणि सकाळी मैदानावर येऊन कोणतं काढायचं ते ठरवतात.

स्पिटफायरचं वजन, गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीत कुठे येतो आणि शेपटी किती अंशांवर बसवली आहे, एवढं कळवलंत तर नाकात किती वजन लागेल ते बसून काढू.