कार्बनच्या नियमांनी अंबडला टाळे लागणार म्हणे!

‘प्रदूषण करणार अमेरिका-चीन, कार्बनचे नियम मात्र आपल्या छोट्या कारखान्यांच्या गळ्यात. मिथेन तर गाई-म्हशी सोडतात. ज्याला परवडेल तो करील, सक्ती कशाला?’ नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या ग्रुपांवर हा मेसेज जोरात फिरतोय.

सुरुवात अर्धी खरी आहे. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. पण गिऱ्हाईक युरोपातले असेल तर हा युक्तिवाद तिथे कोण ऐकतो? १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाची कार्बन सीमा आकारणी (माल बनवताना निघालेल्या कार्बनवर आयातीच्या वेळी लागणारा आकार) पूर्णपणे लागू आहे, आणि यादीत पोलादी नट-बोल्टही आहेत. मात्र मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर ती त्यातून वजा होऊ शकते. म्हणजे इथे नियम नको म्हणायचे आणि तोच पैसा ब्रसेल्सला, युरोपीय संघाच्या तिजोरीत, पाठवायचा!

‘छोट्यांच्या गळ्यात’ हे तर सरळ चूक. २०२३ च्या भारतीय कार्बन क्रेडिट योजनेत उत्सर्जन घटवण्याची लक्ष्ये आहेत ती सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद अशा क्षेत्रांतल्या मोठ्या कारखान्यांना. मोठ्या कंपन्यांची सुटी कामे करून देणाऱ्या अंबडच्या जॉबवर्कवाल्याला नाहीत.

त्याने खरे तर सुट्टीच्या दिवशी, मशिनी बंद असताना, हवा दाबणारा कॉम्प्रेसर चालू ठेवून कारखान्यात उभे राहावे. एअर लाइनच्या कपलिंगपाशी, म्हणजे हवेच्या नळ्यांच्या जोडांपाशी, सूं सूं ऐकू येते. साबणाचे पाणी लावले की फुगे धरतात. देखभाल ढिली असेल तर २० ते ३० टक्के हवा अशीच जाते, आणि ती दाबायला लागलेली वीज बहुतांशी कोळशाची. गळती शोधायचे अल्ट्रासॉनिक यंत्र एकट्याला जड जाते. गल्लीतल्या दहा जणांनी मिळून घ्यावे.

भारतातले बहुतेक मिथेन जनावरे आणि भातशेतीतून येते, मान्य. म्हणून डिस्टिलरीचा स्पेंट वॉश (मद्यार्क गाळल्यावर उरलेले सांडपाणी) उघड्या तळ्यात कुजवून मिथेन हवेत सोडायचे? पहिल्या २० वर्षांत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापवते. तोच स्पेंट वॉश बंद डायजेस्टरमध्ये, म्हणजे कुजवण्याच्या हवाबंद टाकीत, घातला की बॉयलरला गॅस मिळतो. हॉटेलांचे खरकटे आणि शौचालयांचा मैला यांपासून वीज करायचा प्रकल्प तर आपल्या नाशिक महापालिकेने जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी विकाससंस्थेच्या साथीने विल्होळीला उभारलाच.

राहिली सक्ती. २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांशी बोलून १७ प्रकारच्या कारखान्यांसाठी मुदतींसह आराखडा ठरवला, त्यात डिस्टिलऱ्याही होत्या. एकाच मालकाने हौसेने डायजेस्टर बांधला असता तर त्याचा माल महाग आणि शेजाऱ्याचा स्वस्त पडला असता. मुदत सगळ्यांना सारखी, म्हणून खर्चही सगळ्यांच्याच भावात धरला जातो.