गेम विकत घेतला, तर सेटअप फाइलही द्या

गेमिंगच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर सारखा फिरतोय. त्याचा गोषवारा असा (क्लायंट म्हणजे स्टीमसारख्या ऑनलाइन गेमदुकानाचं आपल्या कॉम्प्युटरवर टाकायचं सॉफ्टवेअर): 'पीसी गेम इन्स्टॉल करायला स्टीमसारखा क्लायंट सक्तीचा असणं योग्यच आहे. आजचे एवढाले गेम क्लायंटशिवाय देणं शक्यच नाही. क्लायंटमुळे पायरसी थांबते. सीडी खराब होते, खात्याच्या लायब्ररीतला गेम मात्र कायमचा राहतो. अपडेट, क्लाउड सेव्ह (खेळातली प्रगती नेटवर साठवणं), रिफंड हे सगळं क्लायंटमुळेच मिळतं. नेट नसेल तर ऑफलाइन मोड आहेच. आणि एवढं करून पटत नसेल, तर घेऊ नका.'

मी स्वतः स्टीम वापरतो आणि मला ते आवडतं. त्यामुळे हा क्लायंटद्वेष्ट्याचा लेख नाही. पाच-पाच जण मिळून ऑनलाइन खेळायच्या गेमला खातं लागणार, चीटिंग रोखणारी यंत्रणा लागणार, हेही मान्य. माझं म्हणणं एकट्याने घरी बसून खेळायच्या गेमपुरतं आहे. पैसे भरले, फाइली उतरवल्या, की तो गेम दुकानाची परवानगी न मागता कुठल्याही कॉम्प्युटरवर चढवता आला पाहिजे. क्लायंट सोय म्हणून खुशाल असावा, पण त्याची सक्ती नको. वरच्या मजकुरातली जवळजवळ सगळी वाक्यं सोय आणि सक्ती यांची गल्लत करतात.

'शक्यच नाही' हे विधान तर सरळ चूक आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये जीओजी हे दुकान सुरू केलं. तिथे गेम घेतला की ब्राउझरमधून सेटअप फाइल उतरवता येते. गेम मोठा असेल तर सोबत चार-चार जीबीचे तुकडे येतात. ते सगळे एका फोल्डरमध्ये ठेवायचे, सेटअपवर डबल क्लिक करायचं, झालं. लॉगइन नाही, नेट नाही. जुन्या, छोट्या गेमपुरतंच हे चालतं असं कुणी म्हणेल. पण 'द विचर ३' २०१५ मध्ये पहिल्या दिवसापासून तिथे असाच मिळत होता. २०२० चा 'सायबरपंक २०७७' तसाच मिळतो. २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' डिस्कवर दीडशे जीबी जागा मागतो, तोही तसाच मिळतो. याच गेमच्या स्टीमवरच्या आवृत्त्याही धडाक्यात खपल्या. छोट्या डेव्हलपरना हे झेपणार नाही म्हणावं, तर इच.आयओ या ऑनलाइन दुकानावर २०१३ पासून हजारो छोटे डेव्हलपर साधी झिप फाइल विकत आलेत. क्लायंट जीओजीकडेही आहे आणि इचकडेही, फक्त तो घ्यायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवतो.

आता पायरसी. हा मुद्दा लोकांच्या पटकन गळी उतरतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने डेव्हलपरसाठी लिहिलेल्या माहितीत स्वतःच स्पष्ट सांगितलंय की स्टीमचं डीआरएमचं (म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाचं) आवरण म्हणजे पायरसीवरचा उपाय नव्हे. फोल्डर उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकण्याइतकी किरकोळ नक्कल त्याने अडते. ठरवून फोडायला बसलेला माणूस ते सहज काढतो. ते आवरण लावायचं की नाही हेही डेव्हलपरवर सोडलेलं आहे. म्हणूनच स्टीमवरून घेतलेले कितीतरी गेम क्लायंट बंद असतानाही थेट चालतात. क्लायंट बनवणारी कंपनी जो दावा करत नाही, तो आपण तिच्या वतीने का करायचा?

सक्ती कडक केली की काय होतं याचा धडा २०१० मध्ये मिळाला. 'असॅसिन्स क्रीड २' पीसीवर आणताना यूबीसॉफ्टने अट घातली की खेळताना सतत त्यांच्या सर्व्हरशी जोडलेलं राहायचं. जोडणी तुटली की गेम थांबणार. मार्चमध्ये गेम आला आणि त्याच महिन्यात त्या सर्व्हरवर हल्ला झाला. ज्यांनी पैसे मोजले होते, त्यांचे गेम अडले. पुढे दीड-दोन महिन्यांत फोडलेली कॉपी आली, आणि ती वापरणाऱ्यांना सर्व्हर चालू आहे की बंद याच्याशी काही देणंघेणं उरलं नाही. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

आणि आपल्याकडचा अनुभव काय सांगतो? 'हाफ-लाइफ २' १६ नोव्हेंबर २००४ ला आला. दुकानातून खोका आणला, सीड्या घातल्या, तरी स्टीमचं खातं काढून नेटवरून गेम सुरू करून घ्यावा लागे. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर एवढा ताण आला की डिस्क हातात असूनही जगभरातल्या अनेकांना खेळता आलं नाही. त्याच वर्षी भारत सरकारच्या धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड ठरवलं होतं, आणि बहुतेक घरांत तेवढंही नव्हतं. डायल-अपचं बिल वाढतंय म्हणून घरचे ओरडायचे, असा तो काळ. सायबर कॅफेंत 'काउंटर-स्ट्राइक १.६' च्या स्टीमशिवाय चालणाऱ्या कॉप्या सर्रास दिसायच्या, त्याला पैशाइतकंच हेही कारण होतं: अधिकृत गेम चालवायला जे नेट लागत होतं तेच नव्हतं. पुढे २०१५ मध्ये स्टीमने रुपयांत किमती लावल्या, हळूहळू नेट स्वस्त झालं, आणि माझ्या ओळखीतली मुलं आपणहून विकत घेऊ लागली. वॉल्व्हचे गेब न्यूएल यांनी २०११ मध्येच म्हटलं होतं की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा नव्हे, सेवेचा प्रश्न असतो. हे मला पटतं. पण मग श्रेय सेवेला द्या, कुलपाला नको.

'लायब्ररीतला गेम कायमचा राहतो' या वाक्याने मला हा लेख लिहायला बसवलं, कारण ते वाचून नवी मुलं निर्धास्त होतात.

१ जानेवारी २०१९ ला स्टीमचा क्लायंट विंडोज एक्सपी आणि व्हिस्टावर चालायचा बंद झाला. १ जानेवारी २०२४ ला विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला. कारण वॉल्व्हने दिलं होतं: क्लायंटच्या पोटात क्रोम ब्राउझरचा भाग बसवलेला असतो, आणि तो जुन्या विंडोजवर चालत नाही. हे कारण खरं आहे, त्यात लबाडी नाही. पण त्याचा अर्थ नीट बघा. २००५ चा एखादा गेम एक्सपीसाठीच बनला होता. त्या गेमला क्रोम लागत नाही. क्रोम लागतं दुकानाला, त्याची पानं दाखवायला. आता घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो गेम उत्तम चालला असता, पण दुकानाचं शटर तिथे उघडत नाही म्हणून तो चढवता येत नाही. अशा मशिनवर नेट नको, सुरक्षेला धोका आहे, असं लोक सांगतात. बरोबरच आहे. म्हणून तर नेटशिवाय चढणारी फाइल हवी.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट याहून बोलकी आहे. 'गेम्स फॉर विंडोज लाइव्ह' ही गेममधलं लॉगइन आणि ऑनलाइन खेळ सांभाळणारी त्यांची सेवा २००७ ची. बऱ्याच मोठ्या गेमना ती जोडली गेली. २०१३ मध्ये तिचं दुकान बंद झालं, पण गेममधली तिची मुळं तशीच राहिली. २००८ चा 'फॉलआउट ३' विंडोज १० वर नुसता सुरू करायलाही लोक ती मुळं उपटण्यासाठी इतर खेळाडूंनी बनवलेली छोटी टूल वापरायचे. प्रकाशकाने अधिकृतपणे ती जोडणी काढली ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे १३ वर्षांनी. 'जीटीए ४' ची विक्री तर जानेवारी २०२० मध्ये स्टीमवर थांबवावी लागली, कारण त्या सेवेचे गेम सुरू करायला लागणारे नवे कोड मायक्रोसॉफ्टकडून मिळेनात. मार्चमध्ये गेम परतला तो मल्टिप्लेअर गाळून. आणि ही मायक्रोसॉफ्ट आहे, जिची विंडोजच आपण वापरतो. डेझुरासारख्या लहान दुकानावर तर २०१५ मध्ये दिवाळखोरीच आली.

मग 'द क्रू'. डिसेंबर २०१४ चा, सर्व्हरशिवाय न चालणारा यूबीसॉफ्टचा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. सर्व्हर किती वर्षं चालवावेत हा वेगळा वाद, त्यात मी पडत नाही. पण त्यानंतर यूबीसॉफ्टने लोकांच्या लायब्ररीतला त्या गेमचा परवानाही काढून घेतला. पैसे देऊन घेतलेल्या गेमसमोर तो आता तुम्हाला उपलब्ध नाही असा संदेश आला. 'द क्रू' बंद होण्यातूनच यूट्यूबर रॉस स्कॉट यांची, विकलेले गेम खेळता येण्याजोगे ठेवा म्हणणारी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या.

सीडीचा काळ सोन्याचा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. ओरखडे पडायचे हे खरं. सेक्युरॉम, सेफडिस्क यांसारखी डिस्कवरची कुलपं किती त्रासदायक होती ते ज्यांनी भोगलं त्यांना ठाऊक आहे. २०१५ मध्ये विंडोज १० ने सुरक्षेच्या कारणाने सेफडिस्कला दार बंद केलं आणि अस्सल डिस्का निरुपयोगी झाल्या. पण हे उदाहरण क्लायंटच्या बाजूचं नाही. तिथेही गेम धडधाकट होता आणि कुलूप मोडलं होतं. बिघडतं ते प्रत्येक वेळी कुलूपच, आणि क्लायंटची सक्ती हे त्या कुलपाचंच नवं रूप आहे.

अपडेट आणि क्लाउड सेव्हबद्दल वाद नाही. सोयी चांगल्या आहेत, ज्याला हव्यात त्याने क्लायंट घ्यावा. रिफंडचं श्रेय मात्र क्लायंटला देऊ नका. स्टीम २००३ चं, आणि आजची रिफंडची पद्धत आली जून २०१५ मध्ये. त्याआधीच, २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने याच विषयावर वॉल्व्हला कोर्टात खेचलं होतं, आणि २०१६ मध्ये कोर्टाने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. क्लायंट १२ वर्षं होताच की. आणि सोयीची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगा: स्टीमवर यूबीसॉफ्टचा गेम घेतला की वर यूबीसॉफ्टचा स्वतःचा क्लायंट, यूबीसॉफ्ट कनेक्ट, हाही टाकावा लागतो. एका गेमसाठी दोन लाँचर, दोन खाती, दोन पासवर्ड.

ऑफलाइन मोडचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गुहागरकडे ताईच्या घरी गेलो होतो. निघण्याआधी लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलं होतं, आणि घेतलेल्या एका गेमचा तीस जीबीचा बॅकअप हार्डडिस्कवर घेतला होता. दुकानाचं नाव घेत नाही. तिथे क्लायंट उघडला तर त्याला आधी स्वतःचं अपडेट हवं होतं, मग लॉगइन, मग मेलवर आलेला कोड. घरात रेंज नाही. रेंज येते ती वर सड्यावर. संध्याकाळी मी आणि भाचा लॅपटॉप घेऊन सडा चढलो, मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. अर्धं अपडेट झालं आणि बॅटरी संपली. उतरताना भाच्याने विचारलं, 'मामा, गेम तर आपल्या हार्डडिस्कवर आहे ना? मग तो कुणाला विचारत बसलाय?' मला उत्तर देता आलं नाही. ऑफलाइन मोड चालतो, पण एकदा ऑनलाइन जाऊन सगळं लावून घेतल्यावर. नव्या किंवा फॉरमॅट केलेल्या मशिनवर तो कामाचा नाही, आणि इन्स्टॉल करण्याचा प्रश्न नेमका तिथेच येतो.

उरलं 'पटत नसेल तर घेऊ नका'. घेण्याआधी नीट सांगितलं जात असेल तर हे उत्तर चालेल. २०१५ मध्ये 'मेटल गिअर सॉलिड ५' चा पीसीचा खोका दुकानांत आला, तेव्हा आतल्या डिस्कवर स्टीमचा इन्स्टॉलर तेवढा होता, १० एमबीहूनही कमी. गेम त्यात नव्हताच. हल्ली डिस्क गेली, पण बटणावर अजून 'विकत घ्या' असंच लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की मिळतोय तो फक्त परवाना हे उघड सांगितल्याशिवाय असे शब्द वापरायचे नाहीत. गिऱ्हाइकाला कायमची, नेटशिवाय वापरता येणारी फाइल उतरवून मिळत असेल, तर त्या विक्रीला या अटीतून सूट आहे. हा फरक कायद्याला कळला, याचं मला फार बरं वाटलं. आपल्या ग्राहक कायद्यातही तो यायला हवा.

तोवर दुकानांकडे माझी मागणी साधी आहे. किमतीच्या शेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा: हा गेम क्लायंटशिवाय चढतो की नाही, आणि लाँचर एक लागतो की दोन. जिथे फाइल मिळते तिथून मी घेतो, चार पैसे जास्त पडले तरी. पण असंख्य गेम एकाच क्लायंटवर मिळतात, तिथे 'घेऊ नका' म्हणजे 'खेळू नका' एवढंच उरतं. तुमच्याकडचे कुठले गेम आज खरोखर तुमच्या हातात आहेत हे बघायचं असेल तर नेट बंद करा, क्लायंट पूर्ण बंद करा आणि गेमच्या फोल्डरमधल्या, गेम सुरू करणाऱ्या एक्सई (.exe) फाइलवर थेट डबल क्लिक करा. जे सुरू होतील त्यांची फोल्डरं आजच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा.