मागं कोणी नसलं तरी इंडिकेटर द्यायचाच: एका फॉरवर्डला उत्तर

सध्या लातूर-बीडपासून परभणी-नांदेडपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: खरा ड्रायव्हर आरशावर गाडी चालवतो, इंडिकेटरवर नाही. मागेपुढे कोणी नसताना इंडिकेटर देणारा डोकं बंद ठेवून चालवतो, आणि परदेशातही हेच शिकवतात. आपल्याकडे तर इंडिकेटर दिला की मागचा उलट जोर लावतो. हायवेवर उजव्या इंडिकेटरचा अर्थ 'काढा पुढं' असाच घेतात. चौकात सरळ जायचं असेल तर फार तर चारही दिवे लावावेत. गावाकडं हात दाखवला की भागतं. वर बल्ब-बॅटरीचा खर्च वाचतो तो वेगळाच.

लिहिणाऱ्यानं आयुष्यभर गाडी चालवलेली दिसते, नुसता बाष्कळपणा नाही. म्हणूनच उत्तर देणं भाग आहे.

परदेशाचा दाखला अगदीच खोटा नाही. इंग्लंडमध्ये पोलीस ड्रायव्हरांच्या प्रशिक्षणात असं सांगतात खरं, की ज्याला उपयोग होईल असं कोणी असेल तेव्हा सिग्नल द्या. पण ती शिकवण आरसे आणि आजूबाजूचा सगळा रस्ता काटेकोरपणे तपासायची सवय लागलेल्या माणसासाठी आहे, आणि त्या 'कोणी'मध्ये पायी चालणारेही धरलेले असतात. आपल्या रस्त्यावर 'कोणी नाही' हे ठरवणार कोण? जो वळणार आहे तोच. दिवेलागणीला हेडलाइट न लावता येणारी मोटारसायकल, दुभाजकाच्या कडेनं राँग साईडनं येणारी अ‍ॅपे रिक्षा, आवाज न करणारी बॅटरीची स्कूटी, यातलं काय काय त्या आरशात दिसतं? जो दिसला त्याला तुम्ही सांभाळून घेताच. इंडिकेटर लागतो तो न दिसलेल्यासाठी.

शिवाय आरशात फक्त मागचं दिसतं. फाट्यावर लेकरू कडेवर घेऊन रस्ता ओलांडायला उभी असलेली बाई तुमच्या आरशात नसते, समोर असते. तुम्ही डावीकडं गावात वळणार की सरळ तिच्या अंगावरून जाणार, हे तिला कळायचा दुसरा मार्ग नाही. लातूरच्या गंजगोलाईला, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेला, 16 रस्ते येऊन मिळतात. तिथं गोलाला वळसा घालणारी गाडी कुठल्या तोंडानं बाहेर पडणार, हे हातगाडीवाल्यानं काय तुमच्या चेहऱ्यावरून ओळखायचं?

'डोकं बंद' या आरोपाचं मला हसू येतं. हात आपोआप इंडिकेटरच्या दांडीकडं जात असेल तर डोकं रस्त्याकडं मोकळं राहतं. डोकं खर्च होतं ते दर वळणावर 'आता द्यावा का नको' हे ठरवण्यात. ते ठरवायला सोडलं की काय होतं, याची एक पाहणी अमेरिकेत रिचर्ड पोन्झियानी यांनी 2012 साली मांडली. सुमारे 12,000 गाड्या पाहिल्या, त्यात लेन बदलताना 48 टक्के आणि वळताना 25 टक्के चालकांनी सिग्नल दिलाच नाही किंवा अर्धवट दिला. त्यातल्या प्रत्येकाला विचारलं असतं तर 'गरज नव्हती' हेच उत्तर मिळालं असतं, असं मला वाटतं.

एक मात्र मान्य: स्टिअरिंग फिरवता फिरवता दिलेला इंडिकेटर न दिल्यासारखाच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 102 क्रमांकाच्या नियमाप्रमाणे हा दिवा नारिंगी हवा आणि मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायला हवा. म्हणजे तीन सेकंदांत तीन ते सहा वेळा. ताशी 60 किलोमीटरवर तेवढ्यात गाडी 50 मीटर पुढं गेलेली असते. मागच्याला एवढं तरी अंतर द्या. मोटारसायकलींचंही एक आहे: बहुतेकींचा इंडिकेटर वळून झाल्यावर आपोआप बंद होत नाही. विसरलेला इंडिकेटर घेऊन पाच किलोमीटर सरळ जाणारा दुचाकीवाला न देणाऱ्यापेक्षा वाईट. पण त्यावर उपाय बटण दाबून बंद करणं हा आहे, मुळात न देणं हा नाही.

इंडिकेटर दिला की मागचा जोर लावतो? लावतो, खरंच लावतो. संभाजीनगरच्या जालना रोडवर संध्याकाळी वाळूजच्या कारखान्यांची शिफ्ट सुटल्यावर बघा. पण तो जोर लावून पुढं निघून गेला म्हणजे तुम्ही वळायच्या आत गेला, हे तर बरंच झालं. इंडिकेटर दिला नसता तरी तो तिथंच असता, फक्त तुमच्या दारात.

आता मेसेजमधला सगळ्यात खरा आणि सगळ्यात घातक मुद्दा. दोन पदरी रस्त्यावर तुम्ही ट्रकच्या मागं अडकलाय. ट्रकचा उजवा इंडिकेटर लागतो. ट्रकवाल्याला म्हणायचंय की समोर मोकळं आहे, काढा. तुम्ही काढता, जाताना आभाराचा हॉर्नही मारता. पुढं परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावाजवळ कापसाचा दुसरा ट्रक अगदी तसाच उजवा इंडिकेटर लावतो, आणि त्याला उजवीकडं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वळायचं असतं. दिवा तोच, जागा तीच, लुकलुकणं तेच. तुम्ही पहिल्याच्या सवयीनं बाहेर पडलात की ट्रकचं तोंड तुमच्या दारावर.

जुन्या हातखुणांत हा घोळ नव्हता. 1989 च्या रस्ता-नियमांत उजवीकडं वळायचं असेल तर उजवा हात सरळ बाहेर काढून तळवा पुढं धरायचा. मागच्याला पुढं जाऊ द्यायचं असेल तर तोच हात अर्धवर्तुळात मागेपुढे हलवायचा. दोन गोष्टींसाठी दोन खुणा. काच बंद करून एसी लावणाऱ्या पिढीनं दोन्ही एकाच दिव्यावर लादल्या. मेसेज म्हणतो, अर्थ बदललाय तर वळताना द्यायचा कशाला. उलट आहे. अर्थ पुसट झालाय तो वळायचं नसताना दिल्यामुळं. रस्ता द्यायचाच असेल तर ट्रक डावीकडं दाबावा, वेग कमी करावा, फार तर डावा इंडिकेटर द्यावा. आणि मागच्यानं उजवा दिवा दिसला की आधी वेग उतरतोय का, ब्रेक लाईट लागतोय का, उजवीकडं फाटा, पंप, जिनिंग काही आहे का ते बघावं. ट्रकचं चाक मधल्या पट्ट्याकडं सरकत असेल तर तो वळतोय, तुम्हाला बोलवत नाहीये.

चौकात चारही दिवे लावून सरळ जाण्याची पद्धत कुणी काढली देव जाणे. बाजूनं येणाऱ्याला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसते, म्हणजे एकच लुकलुकणारा दिवा. त्यानं समजायचं की तुम्ही त्याच्याकडं वळताय. सरळ जायचं तर काहीच लावायचं नाही.

बल्ब-बॅटरीवर फार बोलण्यात अर्थ नाही. कारचा इंडिकेटर बल्ब सहसा 21 वॅटचा, हेडलाइटचा हॅलोजन 55-60 वॅटचा, आणि तो आपण रात्रभर जाळतो. बल्ब गेला तर बऱ्याच गाड्यांत टकटक एकदम जलद वाजायला लागते, गाडी स्वतःच सांगते.

राहिला हात. मोटार वाहन कायद्याचं कलम 121 उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला हाताची खूण चालवून घेतं, हे खरं. पण मोटारसायकलवर उजवा हात काढायचा म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही सोडायचे. म्हणून आपले गडी पाय बाहेर काढतात. संध्याकाळी मागं दुधाचे कॅन लटकवून निघालेला माणूस उजवा पाय लांबवतो, मान जराशी वळवतो आणि शेताच्या वाटेला लागतो. मागून ओव्हरटेकला निघालेल्या कारवाल्याला त्या कॅनांआडून पाय दिसावा कसा? धडक होता होता वाचली की भांडण ठरलेलं. "दिसंना का तुला, वळायलोय ना!"

आणि साखर कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्यानं, झाकलेले मागचे दिवे. चालकानं कितीही हात हलवला तरी दुसऱ्या ट्रॉलीच्या मागच्याला तो दिसणं शक्य नाही. ट्रॅक्टरचा इंडिकेटर लागतो, पण पुष्कळदा ट्रॉलीपर्यंत वायर जोडलेलीच नसते. धारूर-केजकडच्या रस्त्यावर रात्री अशा ट्रॉलीमागं लागून बघावं आणि मग सांगावं हातानं भागतं का. त्या ट्रॉलीला वायर जोडून, मागच्या टोकाला उसाच्या वर दिसेल असा दिवा लावायला उसाच्या फडावरच काही मिनिटं लागतात.