फाफ्सा अर्ज: दोन मुलं कॉलेजात असली की मदत दुप्पट होते का?

अमेरिकेतल्या पालकांमध्ये दोन समज फिरतायत: दुसरं मूल कॉलेजात गेलं की कुटुंबाचा वाटा निम्मा होतो, आणि ठरावीक उत्पन्नापुढे फाफ्सा, म्हणजे संघीय सरकारकडे कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठी करायचा अर्ज, भरणं व्यर्थ.

पहिला समज जुन्या नियमावर बेतलेला आहे. २०२४-२५ पासून विद्यार्थी मदत निर्देशांक, म्हणजे किती मदत द्यायची हे ठरवणारा आकडा (एसएआय), काढताना पालकांच्या वाट्याला कॉलेजात किती जण आहेत त्या संख्येने भागत नाहीत. अर्जात हा प्रश्न अजून विचारतात, पण संघीय गणितात त्याला वजन नाही. जुळ्या मुलांच्या पालकांना याचा मोठा फटका बसतो. काही कॉलेजं स्वतःच्या निधीतून देताना मात्र ते पाहतात, म्हणून आर्थिक मदत कार्यालयाला जरूर विचारा.

कुटुंबातली माणसं मात्र अजूनही मोजली जातात. पेल अनुदान म्हणजे परत न करावी लागणारी संघीय मदत. कमाल पेल अनुदानासाठी (७,३९५ डॉलर) दोन पालकांच्या घराचं समायोजित एकूण उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १७५ टक्क्यांपर्यंत चालतं, एकल पालकाला २२५. २०२६-२७ साठी सलग ४८ राज्यांत (अलास्का व हवाई सोडून) दोन पालकांच्या घराची मर्यादा चौघांना ५४,६०० आणि सहा जणांना ७३,४३० डॉलर पडते.

चूक इथेच होते: कुटुंबसंख्या जुन्या कर विवरणावरून येते. त्यानंतर बाळ झालं, किंवा सोबत राहणाऱ्या आजीचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचलत असाल, तर आकडा स्वतः बदला.

दुसरा समज तर थेट नुकसान करतो. विनाअनुदानित संघीय कर्जाला (ज्याचं व्याज सरकार भरत नाही) उत्पन्नाची अटच नाही, पण फाफ्सा लागतोच. २०२६-२७ च्या अर्जात २०२४ चं उत्पन्न धरतात; त्यानंतर नोकरी गेली असेल, तर पुराव्यासह कॉलेजकडे फेरविचार मागा.