निबंध परत लिहून घ्या, गुण मग द्या

नव्या शैक्षणिक धोरणात मराठी लेखनाचा दोन श्रेयांकांचा पेपर आला आणि माझ्या वर्गात वाणिज्य, विज्ञान शाखांची मुलंही येऊन बसायला लागली. दोन श्रेयांक म्हणजे ३० तास. एवढ्यात काय शिकवावं यावर शिक्षकांच्या बैठकीत बरीच चर्चा होते. माझं मत पक्कं आहे. निबंधांची संख्या कमी करा. जो निबंध लिहून घ्याल तो मुलांकडून पुन्हा लिहून घ्या आणि गुण त्या दुसऱ्या खर्ड्याला द्या.

बारावीपर्यंत मुलं 'मोबाईल : शाप की वरदान' या साच्यात घडून येतात. अर्धं पान फायदे, अर्धं पान तोटे, शेवटी 'योग्य वापर केला तर वरदानच'. यात मुलांना दोष देता येणार नाही. गाईडात हाच साचा छापलेला असतो आणि परीक्षेत त्यालाच गुण पडतात. पण या निबंधात मुलाला स्वतः काही ठरवावंच लागत नाही. मतदार यादीत नाव आलेली मुलं 'मला असं वाटतं, आणि त्याची कारणं ही' एवढंसुद्धा सलग मांडू शकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक उदाहरण देते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. रोज एसटीने येणाऱ्या एका मुलीने या सवलतीच्या बाजूने लिहिलं. पहिल्या खर्ड्यात महिला सक्षमीकरण होतं, सावित्रीबाई होत्या, 'मुली शिकल्या तर देश शिकेल' होतं. तिने तो वर्गात वाचला तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "पण तू तर पासवर येतेस ना? पासला आपल्या सगळ्यांनाच ६६.६७ टक्के सवलत आहे. अर्ध्या तिकिटाने तुझं काय बदललं?"

वर्ग शांत झाला. प्रश्न बिनतोड होता. कॉलेजच्या मुलींचं शिक्षण हे तिचं मुख्य कारण, आणि तेच टिकत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिने जे आणलं ते वेगळंच लिखाण होतं. कॉलेजच्या मुली त्यातून गेल्या होत्या, तिची आई आली होती. तालुक्याच्या दवाखान्यात जायचं तर आई आधी घरात पैसे मागायची, मग कोण सोबत येतंय याची वाट बघायची. आता ती शेजारणीला घेऊन परस्पर जाऊन येते. मग तिने आणखी एक गोष्ट केली, जी मी सांगितलेली नव्हती. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं, म्हणजे ते शेवटी सगळ्यांच्याच करातून जातात. मग पैसेवाल्या घरातल्या बाईलाही अर्धं तिकीट का, हा आक्षेप तिने स्वतःच उभा केला. त्यावर तिचं उत्तर होतं की उत्पन्नाचा दाखला मागायला लागलो तर तो काढायलाच तहसीलला चकरा माराव्या लागतील, आणि तिची आई त्या मारणार नाही. हे उत्तर पटो न पटो, पण हा युक्तिवाद आहे. तो पहिल्या खर्ड्यात सापडला नसता.

अमेरिकेत नॅन्सी सॉमर्स यांनी विद्यार्थी आणि अनुभवी लेखक आपापलं लिखाण कसं सुधारतात हे ताडून पाहिलं होतं. तो अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलत होते. अनुभवी मंडळी आपल्या म्हणण्याला आकार शोधत होती, वाचणाऱ्याला काय खटकेल ते बघत होती. आपल्याकडेही 'पुन्हा लिही' म्हटलं की मुलं चांगल्या अक्षरात फेअर करून आणतात, फार तर 'खूप'च्या जागी 'अत्यंत' येतं. म्हणून पुन्हा लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे शिकवावं लागतं.

मी त्यासाठी न्यायदर्शनातलं, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातलं, पाच अवयवांचं (पायऱ्यांचं) अनुमान फळ्यावर मांडते. प्रतिज्ञा : डोंगरावर आग आहे. हेतू : कारण धूर दिसतोय. उदाहरण : जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. उपनय : या डोंगरावरही तसाच धूर आहे. निगमन : म्हणून आग आहे. मुलं पहिल्या दोन पायऱ्या लिहितात आणि थेट पाचवीवर जातात. 'जिथे धूर तिथे आग' हे मधलं सूत्र मनातच राहतं, आणि खरा वाद बहुतेक वेळा त्या सूत्राशीच असतो. त्या मुलीच्या पहिल्या खर्ड्यात 'तिकीट स्वस्त झालं की मुली शिकतात' हे सूत्र असंच न लिहिता गृहीत धरलेलं होतं.

आणि पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं. तो कसा मांडावा हे सांगताना मी बाबासाहेबांचं 'जातिसंस्थेचे उच्चाटन' समोर ठेवते. हे मुळात लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण. मंडळाला त्यातला काही मजकूर नको होता, बाबासाहेबांनी तो बदलायला नकार दिला आणि १९३६ मध्ये भाषण स्वखर्चाने छापलं. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींनी 'हरिजन'मध्ये केलेली टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिला उत्तर दिलं. विरोधकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत वाचकाच्या हाती द्यायचं आणि मग बोलायचं! समाजमाध्यमांवर दोन ओळींत समोरच्याला उडवून लावायची सवय लागलेल्या मुलांना हे दाखवलं की ती खरोखर विचारात पडतात.

अडचण वेळेची आहे, हे मान्य. ८० मुलांचे दोन-दोन खर्डे तपासायचे, तेही तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याने, हे अन्यायाचंच आहे. माझ्यापुरता मार्ग असा : पहिल्या खर्ड्याला गुण नाहीत, समासात फक्त दोन प्रश्न. मुलं जोडीने एकमेकांचं मोठ्याने वाचतात. दुसऱ्या खर्ड्यासोबत अर्ध्या पानाची टीप, काय बदललं आणि का. मोबाईलवरून आयता तयार करून घेतलेला निबंध या टिपेपाशी अडतो, कारण स्वतः न केलेल्या बदलाचं कारण सांगणं अवघड असतं.

अंतर्गत गुणांपैकी निम्मे दुसऱ्या खर्ड्याला मिळावेत, अशी लेखी मागणी मी आमच्या अभ्यासमंडळाकडे करतेय. सही करायची असेल त्या शिक्षकांनी कळवा. विरोध असेल तर तो सविस्तर लिहून पाठवा. पत्रासोबत तुमच्या शब्दांत जोडेन, आणि त्याखाली माझं उत्तर.