बॉडी नाही म्हणे!

फॅमिली ग्रुपवर गेला आठवडाभर एकच दळण चालू आहे. कराडला माझ्या चुलतभावाचा पोरगा कबड्डी खेळतो, उजव्या कोपऱ्याला. सिलेक्शनला त्याला उंची कमी म्हणून बाजूला काढलं आणि मग सगळे सुरू, आपल्या लोकांची बॉडीच नाही रे खेळाची, डिप्लोमा कर गपचूप.

माझं डोकं फिरलं. मी ॲरन डोनाल्डचं नाव टाकलं. अमेरिकन फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या फळीत मधोमध उभा राहणारा, आमच्या पिट्सबर्गजवळच्या पेन हिल्सचा, म्हणजे बालाजीच्या देवळाचं गाव. यालाही सगळे हेच म्हणायचे, या जागेसाठी छोटा आहे. २०१३ मध्ये कॉलेजात डिफेन्सचे सगळे मोठे अवॉर्ड घेतले तरी २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो टीम्स कॉलेजची पोरं निवडतात त्यात, १३ वा गेला. मग दहा सीझन, दहाही वेळा प्रो बोल म्हणजे ऑल-स्टार टीममध्ये निवड, तीनदा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, १११ सॅक, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला फेकायच्या आत पाडणं. २०१८ मध्ये एकट्या सीझनला साडेवीस, तेही मधल्या गर्दीतून, जिथे समोरचे दोन-दोन जण अंगावर येतात. तो खाली वाकून त्यांच्या छातीखाली घुसायचा आणि हात असे झटकायचा की पकडायला काही उरायचंच नाही. त्यासाठी खोटे सुरे घेतलेल्या ट्रेनरसमोर प्रॅक्टिस करायचा, बोला.

दादाचं उत्तर आलं, उंची किती? सहा फूट एक. वजन? १२७ किलो. त्यावर हसायचे पंधरा इमोजी.

बरं, हसा. पण मुद्दा किलोचा नाहीये. त्याच्या वडिलांनी घराच्या बेसमेंटमध्ये जिम केली आणि शाळेत असताना पहाटे साडेचारला पोराला उठवून स्वतः सोबत व्यायाम केला. आपल्याकडे पहाटे क्लासला उठवतात. आणि बॉडीचंच म्हणाल तर कराडला लागूनच गोळेश्वर आहे ना! खाशाबा जाधव कुस्तीत ५७ किलो गटात हेलसिंकी ऑलिम्पिकहून १९५२ मध्ये ब्राँझ घेऊन आले, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून पैसे दिले होते. त्यानंतर महाराष्ट्राला ऑलिम्पिकचं वैयक्तिक मेडल थेट २०२४ ला, नेमबाज स्वप्निल कुसाळेचं. मधल्या ७२ वर्षांत काय सगळे बुटके जन्मले?

यावर दादा म्हणाला, तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नको. झोंबलं. कारण मी माझ्या मुलीला शनिवारी कुमॉनच्या क्लासलाच सोडतो, सॉकरला नाही, हे त्याला माहितीये. आणि डोनाल्ड आमचा म्हणायला मी कोण? तो आमच्या पिट्सबर्गच्या टीमकडे, स्टीलर्सकडे, एक दिवस खेळला नाही, सगळं करिअर रॅम्स या दुसऱ्या टीममध्ये, सुपर बोल म्हणजे लीगची फायनल तिकडे जिंकला, २०२४ ला ३२ व्या वर्षी ऐन भरात रिटायर झाला, तरी पेन हिल्समध्ये तो घरचाच. मी इतकी वर्षं पार्कवेच्या ट्रॅफिकमध्ये घालवली, रविवारी स्टीलर्सचा पिवळा टॉवेल फिरवतो, तरी ऑफिसात मला गेम समजावून सांगतात. आणि कराडात मी अमेरिकेचा काका, ज्याला कुणी विचारत नाही पण जो मध्ये बोलतो.

पोराने मात्र रात्री वेगळा मेसेज केला, काका तो हात झटकतो त्याचा स्लो मोशन व्हिडिओ आहे का? चार पाठवलेत, ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला.